कंत्राटी भाऊ, २४० दिवस आणि हायकोर्टाच्या निकालाचा फॉरवर्ड : खरं काय समजायचं?

अंबडकर_०७

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. माझा धाकटा भाऊ नाशिकला अंबड एमआयडीसीत एका कंपनीत प्रेस शॉपला आहे, सहा वर्षं झाली, पण कंपनीच्या पेरोलवर नाही, ठेकेदाराकडून. सहा वर्षांत ठेकेदार तीन झाले, प्रेस तीच, शिफ्ट इनचार्ज तोच, लॉकरसुद्धा तोच. ठेकेदार बदलायचा असला की जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावतात, जुन्या ठेकेदाराकडचा राजीनामा आणि सगळा हिशोब मिळाल्याची पावती अशा दोन कागदांवर सह्या घेतात आणि दुसऱ्या दिवशी नवीन कार्ड गळ्यात. आता पुढच्या महिन्यात चौथा ठेकेदार येतोय म्हणे.

तर त्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, "हायकोर्टाचा ऐतिहासिक निर्णय, २४० दिवस भरले की कंत्राटी कामगार परमनंट". कुठलं हायकोर्ट, कुठली तारीख, काही नाही, खाली नुसते हात जोडलेले इमोजी. पोरं खूष. दुसरीकडे आमच्या शेजारचे काका, महापालिकेतून रिटायर झालेले, ते म्हणतात सुप्रीम कोर्टाचा उमादेवी केसचा निकाल आल्यापासून सगळं संपलं, उगाच वकिलाचं घर भरू नका. मला एवढंच कळत नाही की दुसऱ्या कुणाच्या तरी केसमध्ये हायकोर्ट काहीतरी बोललं तर ते माझ्या भावाला आपोआप लागू होतं का? आणि एकाच विषयावर दोन उलटे निकाल कसे असू शकतात?

---

काळा_कोट

लेबर कोर्टात बरीच वर्षं काढली आहेत, कामगारांच्या बाजूनेच जास्त, हे आधीच सांगतो म्हणजे कुणी निःपक्षपाती वगैरे समजू नये.

तो फॉरवर्ड मला दर सहा महिन्यांनी कुणी ना कुणी पाठवतं. त्यात तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीये. २४० दिवसांचं गणित मूळ १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातलं, आणि त्याने मिळतं काय तर "सलग नोकरी". म्हणजे काढायचं झालं तर एक महिन्याची नोटीस आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार. परमनंट हा शब्द त्यात कुठेच नाही. परमनंटचं येतं ते आपल्याकडच्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्समधल्या (नोकरीच्या अटींचे नमुना नियम) ४-सी मध्ये, तिथे बदली (दुसऱ्याच्या जागी येणाऱ्या) किंवा टेम्पररी कामगाराने १२ महिन्यांत २४० दिवस भरले की त्याला कायम करा असं आहे, पण तो कामगार त्या कंपनीचाच असला पाहिजे. तिसरी गोष्ट म्हणजे १९७१ चा आपला पीयूएलपी कायदा, म्हणजे मालकांच्या अनुचित प्रथा रोखणारा, त्याच्या चौथ्या शेड्यूलमध्ये आयटम ६ आहे : वर्षानुवर्षं लोकांना टेम्पररी म्हणून राबवायचं, कायमपणाचे फायदे मिळू नयेत या हेतूने, ही अनुचित प्रथा. कोर्टात सगळे याच्या तक्रारीला यूएलपी म्हणतात, "यूएलपी टाकली का?"

आता तुमच्या भावाची खरी अडचण. २००१ ला सुप्रीम कोर्टाचा सिप्ला केसचा निकाल आला. मुंबई हायकोर्ट तिथे कामगारांच्या बाजूने गेलं होतं, सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं. म्हणाले, ठेकेदाराचा कामगार थेट यूएलपी टाकून "मी कंपनीचाच आहे" असं सांगू शकत नाही, कंपनी ते नाकारत असेल तर मालक कोण हे आधी औद्योगिक ट्रिब्युनलमध्ये सिद्ध करून या आणि मग अनुचित प्रथेचं बोला. त्याच वर्षी कल्याणी स्टील्सच्या केसमध्येही तेच. म्हणजे जिना एकच, पण मधला मजला वगळून वर उडी मारता येत नाही. तेव्हापासून महाराष्ट्रात कंत्राटी कामगाराची केस कुठल्या दारातून आत जाते ते या दोन निकालांनी ठरलंय, कायद्याचा शब्दही न बदलता.

लागू होतं का, तर मुंबई हायकोर्टाचा निकाल नाशिकच्या लेबर कोर्टावर बंधनकारक असतो. नागपूर, औरंगाबाद, गोवा किंवा ऑगस्ट २०२५ पासूनचं कोल्हापूरचं सर्किट बेंच, कुठेही झाला तरी कोर्ट एकच (गोव्यात पीयूएलपी कायदाच नाही, ते सोडा). केरळ, दिल्लीचा निकाल दाखवता येतो, साहेब वाचतात, मानलाच पाहिजे असं नाही. आणि "सुप्रीम कोर्टाने शिक्कामोर्तब केलं" असं लिहिलेलं दिसलं की आधी बघा, एसएलपी (अपिलाची परवानगी मागणारा सुप्रीम कोर्टातला अर्ज) एका ओळीत फेटाळलेली असते बऱ्याचदा, कारण न देता. त्याने हायकोर्टाचा निकाल टिकतो, पण तो सुप्रीम कोर्टाने घालून दिलेला कायदा होत नाही. फॉरवर्डवाल्यांना हा फरक कोण सांगणार.

काकांच्या उमादेवीबद्दल : एप्रिल २००६, पाच न्यायाधीश, कर्नाटकच्या व्यावसायिक कर खात्यातले रोजंदारीवाले. मुद्दा सरकारी नोकरीचा होता, मागच्या दाराने भरती नको, जागा सगळ्यांसाठी खुल्या पाहिजेत असा. खासगी प्रेस शॉपशी त्याचा काय संबंध? काका महापालिकेतले म्हणून त्यांना तोच आठवतो.

---

एचआरवाली

मी इथे शिव्या खाणार आहे पण टाकतेच. निकालाने कायदा कसा घडतो हे बघायचं असेल तर कोर्टात नाही, आमच्या ऑफिसात या. ट्रिब्युनलमध्ये मालक कोण हे ठरवताना बघतात की पगार कोण देतं, कामावर हुकूम कुणाचा, रजा कोण मंजूर करतं, काढायचा अधिकार कुणाला. हे सुप्रीम कोर्टाने २००९ च्या एअरपोर्ट ऑथॉरिटीच्या केसमध्ये नीट मांडलंय आणि तिथेच हेही म्हटलंय की कंपनीच्या माणसाने नुसतं "आज इथे काम कर" सांगितलं तर तो दुय्यम कंट्रोल, तेवढ्याने कंपनी मालक होत नाही.

झालं, असा निकाल आला की पंधरा दिवसांत कन्सल्टंटचा मेल येतो. मी आधी जिथे होते तिथे एका महिन्यात काय काय बदललं सांगते : कंत्राटी लोकांच्या शर्टाचा रंग वेगळा केला, रजेच्या अर्जावरची आमच्या इंजिनीअरची सही बंद केली, आणि ठेकेदाराचा एक सुपरवायझर नेमला. तो बिचारा एक खुर्ची आणि रजिस्टर घेऊन पिलरपाशी बसायचा. आमचा शिफ्ट इनचार्ज त्याला सांगणार, "चार नंबरवर डाय बदला", आणि तो वळून सहा फुटांवरच्या पोराला तेच सांगणार, पोराने आधीच पाना उचललेला. हे नाटक रोज तीन शिफ्ट चालायचं. मला हसू यायचं पण फाईलसाठी ते सोनं होतं.

म्हणून अंबडकर, भावाकडे या बदलाच्या आधीचे कागद असतील तर तेच कामाचे. नंतरचे सगळे आम्ही धुऊन ठेवलेले असतात.

---

अंबडकर_०७

बापरे. भावाला फोन केला आत्ता. रजेचा अर्ज कंपनीच्याच छापील फॉर्मवर असतो म्हणाला, सही शिफ्ट इनचार्जची, २०२३ पर्यंत तरी नक्की. नंतर खरंच एक खुर्चीवाला आलाय! आणि पीएफच्या पासबुकात तीन वेगवेगळ्या नावांच्या नोंदी आहेत. आमचा एक आतेभाऊ नगरपालिकेत पाण्याच्या टाकीवर दहा वर्षं रोजंदारीवर आहे, त्याला मात्र काका म्हणतात तसं उमादेवीच लागणार ना?

---

जुना_युनियनवाला

आतेभावाला एवढ्यात निराश करू नका. उमादेवीनंतर सगळ्या महामंडळांनी, पालिकांनी लेबर कोर्टात तोच निकाल फडकवायला सुरुवात केली होती, जणू पीयूएलपी रद्दच झाला. मग २००९ मध्ये एसटीची केस, कास्ट्राईब संघटनेची, बस धुणाऱ्या सफाईवाल्यांची. तिथे सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की उमादेवी हा रिट अधिकारापुरता (घटनेने हायकोर्ट, सुप्रीम कोर्टाला दिलेल्या अधिकारापुरता) आहे, पीयूएलपीखाली औद्योगिक कोर्टाला कायम करण्याचा जो अधिकार कायद्यानेच दिलाय तो त्याने जात नाही. पण पुढे एक वाक्य आहे जे आमचे लोक भाषणात गाळतात : जागाच मंजूर नसेल तर कोर्ट जागा निर्माण करू शकत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठातल्या मजुरांना २००१ मध्ये तेच नडलं होतं. म्हणून आतेभावाने पहिलं काम काय करायचं, तर माहिती अधिकारात आकृतिबंध मागवायचा, पंप ऑपरेटर, व्हॉल्व्हमनच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, रिकाम्या किती. बाकी भावनिक अर्ज नंतर.

कंत्राटाबद्दल म्हणाल तर मुंबईच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाची केस शोधून वाचाच. महापालिकेने सफाईवाल्यांना कामगार न म्हणता "स्वयंसेवक" म्हटलेलं. स्वयंसेवक! पहाटे गाडीवर चढून कचरा भरणारा माणूस काय समाजसेवा करतोय का. २०१४ ला ट्रिब्युनलने सांगितलं हे कंत्राट दिखाऊ आहे, २०१६ ला हायकोर्टाने ते उचलून धरलं, एप्रिल २०१७ ला सुप्रीम कोर्टानेही, २७०० कामगार कायम करा. आणि त्यानंतरही कित्येक जण नावाच्या स्पेलिंगवर अडकले, यादीत एक आणि आधारवर दुसरं. हायकोर्ट जिंकून स्पेलिंगमध्ये हरायचं, म्हणून आजच सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे का ते बघा.

आणखी एक. कंपनीत मान्यताप्राप्त युनियन असेल तर आयटम ६ ची यूएलपी कामगाराला एकट्याने चालवता येत नाही, त्या युनियनमार्फतच जावं लागतं. आता परमनंट लोकांची युनियन कंत्राटी पोरांसाठी किती धावते ते मी इथे लिहीत नाही, मी पण तिथेच होतो.

---

भुसावळी_तडका

हे सगळं जुनं झालं हो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झालेत, औद्योगिक विवाद कायदा गेला, तुमचे जुने निकाल आता रद्दीत ना?

---

काळा_कोट

नाही, इतकं सोपं नाही. नव्या इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडने तीन केंद्रीय कायदे रद्द केले, १९२६ चा ट्रेड युनियन, १९४६ चा स्टँडिंग ऑर्डर्स आणि १९४७ चा. त्या यादीत महाराष्ट्राचा पीयूएलपी नाही. मग राज्याचा कायदा आणि केंद्राचा कोड एकमेकांना धडकतात कुठे, हे कोण ठरवणार? हायकोर्टच. २४० दिवस, १५ दिवसांचा पगार हे शब्द कोडमध्येही तसेच आहेत, त्यामुळे त्यांच्यावरचे जुने निकाल वकील दाखवणारच. फरक पडतो तो इतर ठिकाणी. स्टँडिंग ऑर्डर्स आपल्याकडे ५० कामगारांपासून लागायच्या, कोडमध्ये ३०० पासून, म्हणजे लहान कारखान्यातल्या ४-सी च्या पायाखालची जमीनच सरकते. उलट सुरक्षेच्या कोडमध्ये "कोअर अ‍ॅक्टिव्हिटी"त, म्हणजे कंपनीच्या मुख्य कामात, कंत्राटी कामगार नको असं आलंय, अपवाद ठेवून. आता प्रेसचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत प्रेस चालवणं कोअर नाही तर काय, असं मला वाटतं, पण अपवादाच्या शेपटीला धरून कंपन्या काय काय बाहेर काढतील ते बघायला मिळेलच. सिप्लासारखा एक निकाल या शब्दावर यायचाय, तो येईपर्यंत दोन्ही बाजूचे वकील मजेत.

अंबडकर, मुद्द्याचं. कँटीनमधल्या त्या दोन कागदांवर भावाने न वाचता सही करू नये. सही करावीच लागली (मला माहितीये, नाही केली तर गेटवरच थांबवतात) तर आधी मोबाईलमध्ये दोन्हींचा फोटो, आणि त्याच दिवशी स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, एक पत्र, ठेकेदाराला आणि कंपनीलाही, की काम सलग चालू आहे, सही राजीनाम्याच्या इच्छेने केलेली नाही. चार ओळी पुरे, शुद्धलेखन कुणी बघत नाही. काढून टाकलं तर मात्र घरी बसून राहू नका, यूएलपीला घटनेपासून ९० दिवसांची मुदत आहे, उशीर झाला तर कारण पटवावं लागतं. आणि मालक कोण हा वाद आधी समेट अधिकाऱ्याकडे न्यावा लागेल, पूर्वी तिथून पुढे सरकारने रेफरन्स करेपर्यंत वाट बघायची, नव्या कोडमध्ये समेट फसला की थेट ट्रिब्युनलकडे जाता येतं, एवढी एक गोष्ट बरी झालीये.

एकटा नको, निदान दहा-बारा जण मिळून या. एकट्याची केस हायकोर्टापर्यंत पोचेतो तो माणूस दुसरीकडे कामाला लागलेला असतो.

---

एचआरवाली

+१. आणि त्या खुर्चीवाल्याशी भांडू नका, त्याचा पगार तुमच्या भावापेक्षा कमी असतो बऱ्याचदा. उलटतपासणीत तोच सांगतो की मी फक्त निरोप्या होतो, मी असा एक बघितलाय.

---

अंबडकर_०७

सगळ्यांचे आभार. काल रात्री आईने पत्र्याची पेटी उघडली, भावाने ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या टाकून न देता रबर लावून ठेवल्यात, २०२० पासूनच्या, कंपनीच्या शिक्क्याच्या. रजेचे तीन अर्ज सापडले, पैकी एकावर शिफ्ट इनचार्जने लाल पेनाने लिहिलंय "नामंजूर, डिस्पॅच आहे". भाऊ तेव्हा त्याच्यावर भयंकर चिडला होता, मित्राचं लग्न हुकलं होतं त्याचं. काळा कोट साहेब, हा नामंजूर अर्ज चालेल का?

---

काळा_कोट

पळेल. लॅमिनेट मात्र करू नका.