चर्चा : समावेशक वर्गासाठी शिक्षक घडवायचा कुठे?

मूळ मत (बी.एड. महाविद्यालयातील प्राध्यापिका)

दिव्यांग हक्क कायद्यातील (२०१६) दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आमचे छात्राध्यापक (बी.एड.चे विद्यार्थी) तोंडपाठ सांगतात. परंतु पाठ घेताना ते फळ्याकडे तोंड करून बोलतात आणि श्रवणयंत्र लावलेली, निम्मे शब्द ओठांवरून टिपणारी मुलगी शेजारणीच्या वहीत डोकावत राहते. गेल्या वर्षी असाच एक पाठ संपल्यावर विशेष शिक्षिकेने (दिव्यांग मुलांना शिकवण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षिकेने) छात्राध्यापकाला एवढेच सांगितले, "आधी लिहा, मग वळा, मग बोला." दुसऱ्या दिवशी त्या मुलीला वहीत डोकावावे लागले नाही. म्हणून माझे मत असे की, २० आठवड्यांच्या आंतरवासितेपैकी (शाळेतील प्रत्यक्ष सरावापैकी) किमान चार आठवडे विशेष शिक्षकासोबत वर्गात जायला हवेत.

प्रतिसाद १ (जिल्हा परिषद शिक्षक)

असहमत. विशेष शिक्षक आहेत कुठे? उच्च प्राथमिक स्तरावर १५ दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे केंद्र सरकारने २०२२ मध्ये अधिसूचनेद्वारे ठरवले. आमच्या केंद्रात (आसपासच्या शाळांच्या गटात) मात्र फिरते शिक्षक, म्हणजे शाळाशाळांना भेट देणारे विशेष शिक्षक, महिन्यातून दोनदा येतात. मी सहावी-सातवी एकाच खोलीत शिकवतो. पदे न भरता प्रशिक्षण वाढवणे म्हणजे शासनाची जबाबदारी शिक्षकाच्या खांद्यावर ढकलणे होय.

प्रतिसाद २ (शिक्षिका, मेळघाट)

आपण दोघेही समावेशन म्हणजे केवळ दिव्यांगत्व असे धरून चालला आहात. माझ्या वर्गातील एक मुलगा गणितात गप्प बसायचा, म्हणून मी त्याचे नाव अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी पाठवले. पुढे घरी गेले, तेव्हा तो आजीला कोरकू या त्याच्या घरच्या भाषेत बाजाराचा हिशेब बिनचूक सांगत होता. त्याला वजाबाकी येत होती, माझी मराठी कळत नव्हती. मुलाच्या घरची भाषा ऐकायला मला कोणत्याही प्रशिक्षणात कोणी शिकवले नाही, आणि त्या चुकीची खंत मला आजही आहे.

मूळ लेखिका

भाषेचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता, तो पूर्णपणे मान्य आहे. पदे भरलीच पाहिजेत, याविषयीही दुमत नाही. परंतु फिरते शिक्षक महिन्यातून दोनच दिवस येत असतील, तर उरलेले सर्व दिवस ते मूल वर्गशिक्षकाच्याच हाती असते, म्हणून त्याची तयारी पदभरतीपर्यंत थांबवता येणार नाही.

प्रतिसाद १ (पुन्हा)

मग ते चार आठवडे शहरातील सराव शाळेत नकोत. छात्राध्यापकांना आमच्या जोडवर्गात पाठवा आणि फिरत्या शिक्षकांच्या भेटीचे दिवस त्यात धरा. एवढे होणार असेल, तर माझा विरोध नाही. पदभरतीची मागणी मात्र मी सोडणार नाही.