मेंदोसा आडनाव: एकच घराणं की नुसतं एक गाव?

निवांत_नाना:
आमच्या टीममध्ये मेक्सिकोची एक बाई आहे, कॉलवर तिच्या नावाच्या शेवटी मेंदोसा असं दिसतं. परवा तिच्या मागच्या भिंतीवर एक फ्रेम दिसली, हिरवी ढाल, त्यावर तिरका लाल पट्टा आणि पट्ट्याला सोनेरी काठ. विचारलं तर म्हणाली आमच्या घराण्याचं चिन्ह, ऑनलाइन मागवलंय. झालं, दोन रात्री जागून वाचत बसलो.

उत्तर स्पेनात बास्क मुलखात आलावा प्रांत आहे, तिथे व्हितोरियाजवळ मेंदोसा नावाचं खेडं, या लोकांचा बुरूज तिथे अजून उभा आहे. चौदाव्या शतकात हे कास्तीयच्या (स्पेनातलं तेव्हाचं मोठं राज्य) राजाच्या चाकरीत वर आले. १३८५ ला आल्जुबारोताला पोर्तुगीजांनी कास्तीयला धूळ चारली तेव्हा पेद्रो गोन्सालेस दे मेंदोसाने स्वतःचा घोडा राजाला देऊन पळवलं आणि आपण तिथेच पडला अशी आख्यायिका आहे (बाजीप्रभू आठवले ना?). त्याच घराण्यातला एक कार्डिनल (कॅथलिक चर्चचा बडा धर्मगुरू) झाला, स्पेनच्या राणी-राजा इसाबेल-फेर्नांदोच्या काळात त्याला 'स्पेनचा तिसरा राजा' म्हणायचे. १५३५ ला मेक्सिकोचा पहिला व्हाइसरॉय आंतोनियो दे मेंदोसा. अर्जेंटिनातलं मेंदोसा शहर १५६१ चं, चिलेच्या गव्हर्नरच्या नावावरून, तोही मेंदोसाच. एवढे सगळीकडे पसरलेत म्हटल्यावर त्या बाईत थोडं तरी ते रक्त असणारच की! माझं मत, आडनाव म्हणजे कुळाचा धागा.

घाटमाथा:
नाना, धागा कसला, हे सरळ आपलं 'कर' आहे. 'दे मेंदोसा' म्हणजे मेंदोसकर. बास्क भाषेत मेंदी म्हणजे डोंगर, होत्झ म्हणजे थंड, थंड डोंगर झालं. मेंदिसाबाल म्हणजे रुंद डोंगर, मेंदिएता म्हणजे डोंगराळ जागा, अशी ढिगाने आडनावं आहेत तिकडे. गावातून सरदार बाहेर पडला तसा त्याचा मोतद्दार पण पडला असेल, बाहेर दोघेही मेंदोसकरच. उद्या सगळे सातारकर छत्रपतींचे भाऊबंद म्हणाल.

निवांत_नाना:
सातारा शहर आहे हो, हे एवढंसं खेडं. तिथून निघून निघून किती लोक निघणार?

मोडी_वाचक:
नानांचा मुद्दा मेंदोसांच्या घरातच पडतो. सांतियानाचा मार्केस (ही सरदारकीची पदवी) म्हणजे इनिगो लोपेस दे मेंदोसा, पंधराव्या शतकातला मोठा कवी. त्याच्या बापाचं नाव दिएगो उर्तादो दे मेंदोसा. आता मार्केसची मुलं बघा: दिएगो उर्तादो (हा पुढे इन्फान्तादोचा ड्यूक), इनिगो लोपेस, लोरेन्सो सुआरेस, पेद्रो गोन्सालेस (हाच तुमचा कार्डिनल) आणि एक पेद्रो लासो दे ला वेगा. सख्खे भाऊ!! लासो दे ला वेगा आजीकडून आलं, सुआरेस आईकडून. ज्या पूर्वजाची आठवण ठेवायची किंवा ज्याची इस्टेट मिळणार त्याचं नाव लावायचं असा मामला होता. बापाचं एक आईचं एक ही जोडी सरकारदरबारी पक्की झाली ती १८७० च्या नागरी नोंदणी कायद्याने. त्याआधीच्या चारशे वर्षांचा धागा नुसत्या आडनावावरून तुम्ही धरणार कसा?

बार्देसची_पोर:
आमच्या म्हापशाला शेजारी मेंडोन्सा आहेत, तेच नाव पोर्तुगीज होऊन आलेलं. गोव्यात बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचं नाहीतर धर्मपित्याचं आडनाव लागायचं, रक्ताचा संबंध शून्य. फिलिपिन्सची तर गंमतच, १८४९ ला गव्हर्नर क्लावेरियाने आडनावांची छापील यादीच गावोगाव पाठवली, त्यातून वाटप! तिथेही मेंदोसा पुष्कळ आहेत. मग शेजारच्या अंकलनी पण ढाल लावायची का आता 😄

जाता जाता, आमचा गोंयचो सायब, फ्रान्सिस झेवियर, त्यातलं झेवियर पण बास्कच. उत्तर स्पेनच्या नावार्रातल्या खाविएर किल्ल्याचं नाव ते, मूळ एचेबेरी, म्हणजे नवं घर. म्हणजे आपले नवघरे हो!

कडक_चहा:
सगळे एकदम नानांवर तुटून पडलात. नावात काहीच नसतं हा पण अतिरेक आहे. काहीच नसतं तर कार्डिनलच्या मुलाचं नाव रोद्रिगो दियास दे विवार का ठेवलं? एल सिदचं पूर्ण नाव आहे ते, १०९९ मध्ये वारलेला योद्धा, आणि या पोराला पदवी पण 'सिदचा काउंट'. लोक नावावर जगतात राव. मेक्सिकोतल्या बाईने एक फ्रेम लावली तर तुमचं काय गेलं?

मोडी_वाचक:
चहा, उदाहरण आमच्या बाजूचं दिलंत. कार्डिनलला मुलगा, आणि त्याला चारशे वर्षांपूर्वी मेलेल्याचं नाव, म्हणजे वंश ठरवून जोडला गेला ना? आणि ढाल त्या त्या घराण्याला मिळते, आडनावाला नाही. तो हिरवा-लाल प्रकार आलावाच्या सरदारांचा, बाकीच्यांना फ्रेमवाले विकतात.

बाय द वे नाना, तुम्ही म्हणालात नावाच्या *शेवटी* मेंदोसा. तिकडे बापाचं आधी, आईचं शेवटी. शेवटचं म्हणजे आपलं आडनाव हे आपलं गणित तिथे लागू नाही.

निवांत_नाना:
आज विचारलं. आईचंच निघालं. वडिलांकडून ती गार्सिया. म्हटलं मग गार्सियाची फ्रेम का नाही घेतलीस, तर म्हणते त्या साइटवर गार्सियाच्या ढाली इतक्या प्रकारच्या होत्या की आपली कुठली तेच कळेना, मेंदोसाची एकच होती आणि रंग सोफ्याला जात होता.