डॉक्टर होताना काय काय सोसलं? खान्देशकरांनो, लिहा

तापीकाठ:
काल पुतण्याच्या अ‍ॅडमिशनसाठी माझी व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) शोधत होतो. पत्र्याच्या पेटीत तळाशी सापडली. तिच्याखाली माझा फर्स्ट इयरचा अ‍ॅप्रन.

आमच्या वेळी नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) नव्हती, बारावीच्या मार्कांवर नंबर लागायचा. खान्देशात सरकारी मेडिकल एकच, धुळ्याचं. (जळगावचं 2018 ला आलं, नंदुरबारचं 2020 ला.) मी मराठी माध्यमाचा. लेक्चरमधले शब्द ऐकू येतील तसे देवनागरीत उतरवायचो आणि रात्री डिक्शनरीत शोधायचो. पहिल्यांदा घरी आलो तेव्हा आईने भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. डिसेक्शनमुळे (मृतदेह चिरून शिकण्यामुळे) हाताला फॉर्मलिनचा वास, राखेने घासूनही जाईना. घास तोंडाशी नेला की मळमळायचं. आईने काही विचारलं नाही, तिच्या हाताने भरवलं मला. अठरा वर्षांचा होतो.

तुमचंही लिहा. पोरांना नुसते कट-ऑफ माहीत असतात.

चोपड्याची_ताई:
भाऊ, व्हॅलिडिटीचं नाव काढलंत! अकरावी सायन्सला नाव घातलं की लगेच कागद जमवायला लागा. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. सासऱ्यांची पहिलीची नोंद तीन गावांच्या शाळा पालथ्या घातल्या तेव्हा मिळाली, तीही आडनावात एक अक्षर चुकलेलं. मग वंशावळ, प्रतिज्ञापत्र, परत चकरा. लेक रात्री अभ्यास करायची, मी झेरॉक्स लावत बसायची. नॉन-क्रिमीलेयर दाखल्याची मुदतही तपासा हं. कुकर झाला, येते.

रावेरकर:
भरीत कोणत्या वांग्याचं होतं, बामणोदच्या का?

तापीकाठ:
बामणोदचंच. तुरकाठ्यांवर भाजलेलं.

केळीबाग:
मुलगा नीटला दोनदा बसला. 180 प्रश्न, 720 मार्क, बरोबरला 4, चुकीला उणे 1. पहिल्या वर्षी फिजिक्समध्ये अंदाजाने 30 गोळे रंगवले, 26 चुकले. म्हणजे 16 आले आणि 26 गेले. दुसऱ्या वर्षी येत नाही ते सोडायला शिकला. निम्मे प्रश्न बायोलॉजीचे, ते एनसीईआरटीचं पुस्तक ओळ न् ओळ पाठ. कटाईच्या दिवसांतही त्याला मळ्यात बोलावलं नाही. भाऊबंद नको ते बोलले. बोलू दिलं.

सातपुडा_नाइट:
इंटर्न आहे, नंदुरबारकडे. आत्ता नाइट संपली. सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) पोरगी आली होती, नऊ वर्षांची, हातपाय दुखून किंचाळत होती. तिची आई पावरी बोली बोलते, मला येत नाही, वॉर्डातल्या मावशींनी सगळं समजावलं. सलाइन लावल्यावर पोरीने माझी बाही धरली ती तासभर सोडली नाही. मी तसाच उभा. या वर्षभरात पुस्तकापेक्षा मावशींनी जास्त शिकवलं. झोपतो.

केळीबाग:
झोप रे बेटा. आधी दोन घास खाऊन घे.

अमळनेर_माय:
माझी फर्स्ट इयरला आहे. रोज रात्री फोन, "मम्मी, मला नाही जमणार." मी भाकऱ्या थापते, फोन स्पीकरवर परातीशेजारी. बोलायला काही सुचलं नाही की नुसतं म्हणते, "मी शे ना (आहे ना)." मग ती भाकरीचा आवाज ऐकत वाचते. परवा पहिल्यांदा म्हणाली, आज हाडांची नावं सगळी आली.

चोपड्याची_ताई:
माय, डोळे भरून आले. माझीही अशीच होती, आता थर्ड इयरला आहे. पहिले सहा महिने जाऊ द्या.

अजून एक, घरी हिशोब आधीच सांगून ठेवा. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, सरकारी कॉलेज असेल तर वर्षाचा बॉण्ड (सरकारी दवाखान्यात सेवा), मग पीजीची, म्हणजे पुढच्या शिक्षणाची नीट. आमच्याकडे तिसऱ्याच वर्षी पाहुणे विचारायला लागले, दवाखाना कधी टाकणार.

पारोळा_९:
कुणाकडे जुना बोनसेट (अभ्यासासाठी हाडांचा संच) आहे का? भाचीला हवाय, धुळ्यात.

तापीकाठ:
माझ्या ओळखीच्या मुलाचा आहे. कवटीचा खालचा जबडा तारेने बांधलाय, बाकी नीट. व्यनि (खाजगी मेसेज) करा.

रावेरकर:
घ्यायला जाल तर सांगा, भाचीसाठी वांगी पाठवतो.