शब्दकोड्यात ‘ग्रंथाचा भाग’ एवढेच शोधसूत्र पुरेसे आहे काय?

(सोलापुरातील तीन वाचकांची मते, त्यांच्या वस्तीच्या नावाने)

साखर पेठ : खंड, कांड, पर्व, सर्ग हे सगळे ग्रंथाचे भाग आहेत आणि सगळे दोनच घरांत बसतात. अलीकडे सोडवलेल्या एका कोड्यात उभ्या शब्दामुळे शेवटचे ‘ड’ हाती आले, तरी खंड की कांड हे ठरवता येईना, कारण पहिल्या घरातून दुसरा शब्दच जात नव्हता. ‘रामायणाच्या ७ भागांपैकी एक’ असे लिहिले असते, तर अंदाजपंचे उत्तर भरावे लागले नसते. असे मोघम शोधसूत्र म्हणजे कोडे रचणाऱ्याचा आळस, असे माझे स्पष्ट मत आहे.

होटगी रस्ता : असहमत. रामायणाचे नाव आले की शाळकरी मूलही कांड लिहील, मग सोडवायचे काय राहिले? मराठी कोड्यात एका घरात काना-मात्रा आणि जोडाक्षरासह पूर्ण अक्षर बसते, त्यामुळे ‘र्व’ किंवा ‘खं’ असे एकच घर भरले तरी बहुतेक पर्याय आपोआप गळतात. इंग्रजी कोड्यातल्या एकट्या वर्णातून एवढे हाती लागत नाही. आपण सांगता तो दोष चौकटीच्या आखणीचा आहे, शोधसूत्राचा नव्हे.

कन्ना चौक : मोघमपणापेक्षा मला पुस्तकीपणा खटकतो. ‘क्रम’ म्हटले की क्रमिका किंवा दहावीच्या बीजगणितातली श्रेढी हटकून येते (आणि ‘श्रे’ मिळाल्यावर श्रेणीही तितकीच योग्य वाटते), परंतु फटाक्यांची लड, मोत्यांचा सर, लसणाची पाकळी यांना जागा नसते. सोलापूरसारख्या उसाच्या जिल्ह्यात तरी ‘पेर’ (उसाच्या दोन गाठींमधला भाग) कोणाला अडू नये.

साखर पेठ : पेर हा शब्द मुळात संस्कृत ‘पर्वन्’वरूनच आला आहे, म्हणजे महाभारताची १८ पर्वे आणि उसाची पेरे एकाच घरची. ‘महाभारतात पर्व, तर उसात?’ असे शोधसूत्र दिले, तर ते नेमकेही होईल आणि डोक्याला खाद्यही मिळेल.

होटगी रस्ता : शोधसूत्र सुरेख आहे, परंतु उसात कांडेही असते आणि तेही दोनच घरांत बसते. उभ्या शब्दातून ‘र’ मिळेपर्यंत मी तरी पेन्सिलच वापरीन.