होडी शर्यतीतला पोरगा कॅनोत चालेल का?

शिरोळकर: धाकटा भाऊ सोळाचा. गावच्या होडीत पुढच्या वल्ह्याला असतो, दमाला भारी. पॅरिसला ब्राझीलच्या इसाकियास केरोसनं रौप्य घेतलेली शर्यत मोबाईलवर बघितली आणि तेव्हापासून घरात धोशा लावलाय, हेच करायचं. इथं कुणी कॅनो चालवलीय का? आमच्या होडीचा सराव तिथं कामाला येईल?

फौजी कळंबा: मी फौजेत असताना चालवलीय. दम कामाला येईल, बाकी सगळं पहिल्यापासून. तुमच्या होडीत बूड टेकून बसतात, दोन्ही अंगांनी वल्ही पडतात, होडी सरळ जाते. कॅनोत एक गुडघा टेकायचा, दुसरा पाय पुढं रोवायचा आणि वल्हं एकाच अंगाला मारायचं. सुकाणू नाही. दर ओढीला नाक दुसरीकडं वळायला बघतं, ते ओढ संपता संपता मनगट फिरवून पात्यानं सरळ करायचं. न थांबता हजार मीटर.

भावाला इसाकियासची नुसती पदकं दाखवू नका. ब्राझीलच्या बाहिया राज्यातल्या उबाइताबा या नदीकाठच्या गावचा पोरगा. लहानपणी झाडावरून पडला, एक किडनी गेली. 2013 ला पाचशे मीटरचा जगज्जेता झाला, आणि 2014 ला मॉस्कोत हजार मीटरला सगळ्यांच्या पुढं असताना अगदी रेघेजवळ येऊन पाण्यात पडला! तोल म्हणजे काय चीज आहे ते ह्यावरून समजा. दोन वर्षांनी रिओत दोन रौप्य, एक कांस्य. एकाच ऑलिंपिकमध्ये तीन पदकं घेणारा पहिला ब्राझिलियन. 2018 ला त्याचे स्पॅनिश प्रशिक्षक हेसूस मोर्लान कर्करोगानं गेले. तरी गडी थांबला नाही. 7 ऑगस्ट 2021 ला संध्याकाळी आपल्या नीरजनं भाल्याचं सोनं घेतलं ना, त्याच दिवशी सकाळी टोकियोत ह्यानं हजार मीटरचं सोनं मारलं. माझ्या डोळ्यांतनं त्या दिवशी दोनदा पाणी आलं.

राजारामपुरीची ताई: काका, पोरींना आहे का हे? पुतणी चांगली पोहते.

फौजी कळंबा: आहे की ताई. टोकियोपासून ऑलिंपिकमध्ये बायकांची एकटीची दोनशे मीटर आणि जोडीची पाचशे मीटर कॅनो आली. आधी त्यांना फक्त कयाक होती, म्हणजे बसून दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायची नाव. पोहता येतंय म्हणजे अर्धी भीती गेलीच.

शिरोळकर: काका, आपल्या पोरांना यात पुढं काही आहे का? वडील तेच विचारतात.

फौजी कळंबा: वडिलांना हांगझोऊ सांगा. 2023 ला तिथल्या आशियाई स्पर्धेत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलामनी जोडीच्या हजार मीटरला कांस्य आणलं. त्याआधीचं आपलं पदक थेट 1994 चं, हिरोशिमाचं. सुनील मणिपूरच्या लोकताक तळ्याकाठचा, पाण्यावरच वाढलेला, तुमच्या भावासारखाच. पण नोकरीची हमी मी देणार नाही, ती कुणीच देऊ शकत नाही.

शिकायचं तर भोपाळला चौकशी करा, मध्य प्रदेश सरकारची जलक्रीडा अकादमी आहे. तोवर त्याला रोज जाड उशीवर एका गुडघ्यावर बसवा, पाठ ताठ. पहिल्यांदा पाऊल बधिर होतं, घाबरू नका. आणि पूर उतरेपर्यंत नदीत नको.