कॉलेजात मोबाईल बंदच करा म्हणणाऱ्यांना उत्तर

खाडीकाठची मॅडम
काल एका काकांनी लिहिलं, "अकरावी-बारावीच्या पोरांचे मोबाईल गेटवरच पेटीत टाकून घ्या, आम्ही खडू-फळ्यावर शिकलो ते काय अडाणी राहिलो?" खाली सगळ्यांचं वा वा, बरोबर बोललात. माझं डोकं फिरलं. दोन ओळींत उत्तर देण्यासारखं नाहीये म्हणून वेगळा धागा काढते.

मी गुहागर तालुक्यात ज्युनियरला बायो शिकवते. वर्गात मच्छीमारांची पोरं भरपूर. कांदळवनाचा भाग आला तेव्हा त्यांना ओहोटीच्या वेळेला खाडीवर नेलं, मोबाईलसकट. तिवराची श्वसनमुळं चिखलातून वर आलेली असतात ना, त्यातलं एक मूळ प्रत्येकाने जवळून टिपायचं, झूम करायचं आणि सालीवरची बारीक छिद्रं शोधायची. एकाला निवटी सापडली, उडी मारताना त्याने ती स्लो मोशनमध्ये घेतली, मग मासा असून ती पाण्याबाहेर टिकते कशी यावर कॉलेजला पोचेपर्यंत भांडण. शेवटी कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरते आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेते हे त्यांनीच शोधून मला सांगितलं.

पुढचं ऐका. एका मुलीने मोबाईलवर भरतीची वेळ बघितली, ती निघाली मुंबईची. तिचे आजोबा तिथीची पाऊणपट करतात, म्हणजे अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, भरती सहाला. मग वर्गात हिशोब सुरू. आजोबांच्या नियमाने भरती रोज ४५ मिनिटं पुढे जाते, प्रत्यक्षात चंद्रामुळे साधारण ५० मिनिटं, आणि खाडीत जेवढं आत जाल तेवढी ती अजून उशिरा. आजोबांचा हिशोबही समजला, मोबाईलवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये हेही समजलं. पेटीत मोबाईल टाकून हे कसं शिकवू ते सांगा.

देवगडचा बागायतदार
काल लिहिणारा मीच. मॅडम, तुमची खाडी छान, पण ती वर्षातून कितीदा? बाकीचे दिवस काय चालतं ते आम्हाला घरी दिसतं. माझो पोरगो रात्री दोन वाजता रील बघता, विचारलं की "सरांनी ग्रुपवर नोट्स टाकल्यात, त्या उतरवतोय." आता माका सांगा, मी त्येच्या हातातून फोन काढू कसो? अभ्यासाचं निमित्त तुम्हीच दिलंत. दहावीपर्यंत कलमांवर चढून आंबा उतरवणारा पोर आता चार हाका मारल्याशिवाय उठत नाही. आणि पुरावा हवा तर असरचा, म्हणजे खेड्यातल्या मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीचा, २०२४ चा अहवाल बघा. खेड्यातली १४ ते १६ वयाची पोरं, आठवड्यात अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरला असं सांगणारी ५७ टक्के, सोशल मीडियासाठी ७६ टक्के. कोकण बोर्ड दरवर्षी राज्यात पहिलं येतं ते काय मोबाईलमुळे?

चाकरमानी परळ
काकांना पूर्ण पाठिंबा. फ्रान्सने २०१८ मध्येच कायदा करून शाळेत मोबाईल बंद केले. ते लोक वेडे आहेत का? आपल्याकडे मात्र शिक्षकच मोबाईलची वकिली करतात. गणपतीला गावी येतो तेव्हा बघतो ना, आरतीलासुद्धा पोरं खाली मान घालून.

खाडीकाठची मॅडम
फ्रान्सचा कायदा पूर्ण वाचा. तो साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांना आहे, त्यापुढच्या लिसेंना, म्हणजे तिथल्या वरच्या वर्गांच्या शाळांना, त्यात स्वतः ठरवायची मुभा दिली होती, आणि शिकवण्यासाठी वापर करायला त्यात सूट आहे. मी ज्यांच्याबद्दल बोलतेय ती सोळा-सतरा वर्षांची आहेत. आणि काका, असरचे तेच आकडे माझ्या बाजूने आहेत. पोरांना फोनवर मजा करता येते, अभ्यास करता येत नाही. मग तो शिकवायचा कोणी?

मंडणगडचा गुरुजी
पोरांच्या मोबाईलवर एवढी चर्चा, आमच्या मोबाईलवर कोण बोलणार? माझी झेडपीची शाळा, दोन शिक्षक. सकाळी पोषण आहाराची माहिती भरा, मग यू-डायस म्हणजे शाळेची सगळी आकडेवारी, मग प्रत्येक मुलाचा अपार ओळख क्रमांक. आधारवर नाव एक, दाखल्यावर दुसरं, आई-बाप मुंबईला, ओटीपी त्यांच्या फोनवर जाणार आणि ते कामावर असल्यामुळे उचलणार नाहीत. झाड लावलं की फोटो, झाड जगलं की फोटो. केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर "आजच्या आज भरा" असा मेसेज पडला की मी चौथीला वाचन देऊन बाहेर पायरीवर रेंज शोधत बसतो. मग गावात बोलतात, गुरुजी मोबाईलवर असतात.

देवगडचा बागायतदार
बोलणारच! आमच्या वाडीतल्या शाळेत मी स्वतः बघितलंय, पोरं अंगणात आणि मास्तर खुर्चीत फोनवर.

मंडणगडचा गुरुजी
तुम्ही लांबून बघितलंत. जवळ जाऊन स्क्रीन बघितली असतीत तर कुठलातरी फॉर्म गोल गोल फिरताना दिसला असता. निसर्ग वादळ आलं, ३ जून २०२०, आमच्याकडे मंडणगड-दापोलीत कित्येक दिवस लाईट नव्हती, शाळेचे पत्रे उडालेले, माझ्या स्वतःच्या घरावर कौल शिल्लक नव्हतं, तरी वरून विचारणा, ऑनलाइन शिक्षण किती टक्के मुलांपर्यंत पोचलं. काय उत्तर देणार होतो? अख्ख्या वाडीत एक फोन चार्ज नव्हता. म्हणून खुर्चीतला मास्तर वगैरे बोलायच्या आधी जरा विचार करा.

चाकरमानी परळ
पगार मिळतो ना त्याचा?

मंडणगडचा गुरुजी
पगार शिकवण्याचा मिळतो. तेच करू देत नाहीत, हीच तक्रार आहे. परळमध्ये बसून गावच्या शाळेवर बोलणं सोपं आहे. तुमची मुलं गावच्या शाळेत असती तर पट वीसच्या खाली गेला नसता आणि आज शाळा राहते की जाते ही टांगती तलवार पण नसती.

चाकरमानी परळ
हे बरंय. पोट भरायला मुंबईला गेलो तो पण आमचाच गुन्हा. तिकडे नोकऱ्या असत्या तर कोण आलं असतं?

खाडीकाठची मॅडम
गुरुजी, तुमचं दुःख खरं आहे, आमच्याकडे पण तेच चालतं. पण यावर वेगळा धागा काढा हो, मूळ विषय बाजूलाच राहिला.

बारावी सायन्स राजापूर
सगळे मोठे बोलतायत म्हणून लिहू की नको असं वाटत होतं. चोवीस तास ऑनलाइन म्हणतात ती पोरं कुठली? आमच्याकडे पावसात लाईट गेली की थोड्या वेळात टॉवर पण जातो. घरात एकच चांगला फोन, तो बाबांचा, बाबा बोटीवरून आल्यावर मला मिळतो. गावात सीईटीचा क्लास नाही. रत्नागिरीला जायचं तर एसटीत दिवस जातो आणि फी परवडत नाही. माझा क्लास म्हणजे यूट्यूब. दिवसा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, जाऊन व्हिडिओ डाउनलोड करते, रात्री बघते. सीईटीची परीक्षा कॉम्प्युटरवर असते आणि कॉलेजात स्क्रीनला हात लावायचा नाही, हे कसं चालेल? पण मॅडम, एक सांगते, राग मानू नका. मोबाईल बाकावर असला की माझं पण लक्ष जातं. वाजला नाही तरी जातं. आमच्या फिजिक्सच्या तासाला सर म्हणतात बॅगेत ठेवा, तेव्हा बरं वाटतं कारण सगळ्यांचाच आत असतो.

देवगडचा बागायतदार
ह्या पोरीने खरं सांगितलं. मॅडम, ऐका.

खाडीकाठची मॅडम
ऐकलं, आणि तुम्ही पण तिचा पहिला भाग ऐका. तिचा फोन गेटवर काढून घेतलात तर तिचा क्लासच काढून घेतलात. मी बाकावर ठेवा असं कधीच म्हटलं नाही. थिअरीला बॅगेत, प्रॅक्टिकलला आणि बाहेर नेलं की हातात, एवढं मला मान्य आहे. गेटवरची पेटी मान्य नाही.

देवगडचा बागायतदार
बॅगेतला फोन बाकाखाली यायला किती वेळ लागतो ते मला विचारा. तरी बघू, तुमच्यासारखं शिकवणारं कोणी असेल तर खाडीवर फोन नेऊ दे, माझी हरकत नाही. सगळे तसे नसतात म्हणून पेटी बोललो. पण माझी एक अट. रात्री ग्रुपवर नोट्स आणि होमवर्क टाकायचं बंद करा. फळ्यावर लिहा, वहीत उतरवून घ्या. मग घरी त्याच्या हातात फोन दिसला तर माझं मी बघीन, त्याला अभ्यासाचं निमित्त उरणार नाही.

खाडीकाठची मॅडम
हे पटलं. माझ्या विषयापुरतं सोमवारपासून करते, होमवर्क वहीतच. बाकीच्या सरांना मी सांगेन, पण काका, पालकसभेला तुम्ही तुमच्या कॉलेजात हेच उभं राहून बोला. इथे लिहून तिथले प्राचार्य वाचणार नाहीत.

मंडणगडचा गुरुजी
आणि आमच्या ग्रुपवर रात्री साडेनऊला पडणाऱ्या "आजच्या आज भरा"चं काय? त्यासाठी कोण उभं राहणार?