धुळीच्या अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं मुलाला सुरू करावी का?

पाऊसवेडी:
लेक ९ वर्षांचा, आम्ही पुण्यात. सकाळी उठला की पंधरा-वीस शिंका ठरलेल्या, पावसाळ्यात रात्री छातीतून घरघर, दोन वर्षं दम्याचा पंप चालू आहे. स्किन प्रिक टेस्टमध्ये (कातडीवर हलकं टोचून बघतात ती) धुळीतल्या माइटची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्याची, मोठी गांध उठली, बाकी परागकण, झुरळ सगळं निगेटिव्ह. डॉक्टर म्हणतात इम्युनोथेरपी घेऊ, म्हणजे ज्याचा त्रास होतो त्याचेच थोडे थोडे डोस देऊन शरीराला सवय लावायची, ३ ते ५ वर्षं. सासूबाई म्हणतात एवढ्याशा पोराला कशाला टोचत बसायचं, मोठा झाला की जाईल आपोआप. कोणी घेतलीय का? पंप सुटतो का?

कोथरूडकर:
मी घेतली, चार वर्षं. आधी दर आठवड्याला थोडा थोडा डोस वाढवत, मग महिन्याला एक. पहिले सहा महिने काहीच कळेना, सोडणारच होतो, पण दुसऱ्या पावसाळ्यात शिंका निम्म्यावर आल्या आणि रात्रीची झोप लागायला लागली. इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबायचं हे मात्र कितीही घाई असली तरी मोडू नका, क्वचित जोराची रिअ‍ॅक्शन येते ती बहुतेक तेवढ्यातच येते, तिथे अ‍ॅड्रेनलिन हे अशा वेळचं तातडीचं औषध हाताशी असतं.

दंडावरची_सुई:
मी छातीविकार विभागात नर्स आहे. ताई, दमा कंट्रोलमध्ये असेल तरच सुरू करतात, आणि ज्या दिवशी घरघर असेल त्या दिवशी इंजेक्शन नाही म्हणजे नाही. पंप स्वतःहून बंद करू नका, बरं वाटलं की डॉक्टरच डोस कमी करतात. हे काही नवीन फॅड नाही, लंडनला १९११ मध्ये गवताच्या परागकणांवर याचे पहिले प्रयोग छापून आले. पण इंजेक्शनच्या बाटलीत नक्की काय आहे ते विचाराच! रिपोर्टमधल्या वीस गोष्टी एकत्र घालून दिलेलं मिश्रण बघितलं की मला राग येतो, प्रत्येकाचा डोस मग पुरेसा राहत नाही. तुमच्याकडे एकटा माइट आहे, ही चांगली केस आहे.

कोथरूडकर:
सुईला फार घाबरत असेल तर जिभेखालचे थेंबही असतात, पहिला डोस डॉक्टरांसमोर, नंतर घरी, फक्त रोज न चुकता घ्यावे लागतात. आणि चादरी-अभ्रे आठवड्याला ६० डिग्रीच्या पाण्यात धुवा, नुसत्या उन्हावर सोडू नका.

पाऊसवेडी:
खूप आधार वाटला. सोमवारी फुप्फुसांची फुंकायची टेस्ट आहे, तेव्हा बाटलीचं विचारतेच. सासूबाईंनाही बरोबर नेते, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं तर त्यांची भीती जाईल.